हसले म्हणजे दुखत नाही, असं कुणी सांगितलं?

गेल्या अंकात मी माझ्या आमवाताबद्दल थोडं लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, की तुमच्या घरात एखादं कायमचं दुखणं असेल तर रोजचं कसं निभावता, हसता-बोलता का, ते कळवा. ३१ पत्रं आली. टपाल खात्यात काउंटरवर २६ वर्षं काढल्यामुळे पत्र हातात घेतलं, की ते घाईत लिहिलंय का रात्री जागून, हे मला अजून कळतं. यातली बरीचशी जागून लिहिलेली आहेत. सगळ्यांना इथे उत्तर देता येत नाही, म्हणून चार निवडली. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण तोच प्रश्न आणखी नऊ पत्रांत वेगवेगळ्या शब्दांत आलाय.

नव्या वाचकांसाठी एवढंच: मी सांगलीत गावभागात राहते, वय ६०, आमवात २००१ पासून. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल लिहिते ते २४ वर्षं स्वतः घेऊन आणि डॉक्टरांना विचारून विचारून शिकलेलं आहे. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ३८. विट्यात घरीच शिवणकाम करते. तीन वर्षांपूर्वी आमवात निघाला. आठवड्याची गोळी चालू आहे, ती घेतली की दुसरा दिवस मळमळण्यात जातो. पण पत्र त्यासाठी नाही. मी पहिल्यापासून बोलकी. भिशीत, हळदीकुंकवात नकला करून बायकांना हसवायचे. आता हसले की जाऊबाई म्हणतात, "कशाचं दुखतंय हिला, चांगली खिदळतीया की." आणि दुखतंय म्हटलं की सासूबाई म्हणतात, "रोजचंच रडगाणं हाय हिचं." मग मी हसायचंच बंद केलं. म्हटलं, निदान खरं तरी वाटेल. परवा माझी नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, तू माझ्यावर रागावलीस का?" मी काय करू?
— एक वाचक, विटा

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा मनात वाचलं आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं, आमच्या ह्यांना ऐकवायला. ते म्हणाले, "हे तर तूच लिहिलेलं वाटतंय." खरं आहे ते. तुम्ही आज जिथं आहात तिथं मी २००६ साली होते.

त्या आठवड्यात माझा आजार उसळला होता. मंगळवारी भिशीला गेले नाही. शनिवारी भावे नाट्यमंदिरात विनोदी नाटकाचा प्रयोग होता, तिकिटं पंधरा दिवस आधी काढलेली. दुपारपर्यंत हात जरा सैल झाले आणि मी गेले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं, तेव्हापासून या गावाला नाटकाचं वेड आहे, माझ्या माहेरीही होतं. पोट धरधरून हसले मी. टाळी मात्र वाजवता येत नव्हती, बोटांचे सांधे सुजून लाल झालेले. म्हणून उजवा तळवा मांडीवर आपटून दाद देत होते. मध्यंतरात भिशीतलीच एक ओळखीची भेटली. वर-खाली बघून म्हणाली, "मंगळवारी फार दुखत होतं म्हणे. नाटकाला बरी आलीस!"

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी आले आणि पुढे दोन महिने कुठेच गेले नाही. बारशाला नाही, गणपतीच्या आरतीला नाही. घरातही चेहरा पाडून बसायचे. वाटायचं, आजारी माणसानं आजारी दिसलं पाहिजे, नाहीतर लोक खोटं समजतात. त्या दोन महिन्यांत दुखणं तसूभर कमी झालं नाही. कुणाचा विश्वासही वाढला नाही, कारण चेहरा बघायला घरी येतंय कोण? फरक पडला तो घराला. मुलगा तेव्हा तिसरीत होता. तो शाळेतून आल्यावर चपला हातात घेऊन आत यायचा, आवाज होऊ नये म्हणून. तुमच्या लेकीचं वाक्य वाचलं आणि मला त्या चपला आठवल्या.

म्हणून पहिलं सांगणं हे, की आज रात्री तिला जवळ घेऊन आजाराचं नाव सांगा. हा आजार तिच्यामुळे झालेला नाही, तिला लागणार नाही, आणि आईला राग आलेला नाही, हे तिन्ही स्पष्ट शब्दांत सांगा. या वयाची मुलं न सांगितलेल्या गोष्टीचं कारण स्वतःत शोधतात. आणि मग एखादी नक्कल करून दाखवा. तिला आवडते ती.

आता जाऊबाईंचं. त्या खोटं बोलतात असं मला वाटत नाही. त्यांना दिसतं तेवढंच त्या बोलतात. आमवातात शरीराची स्वतःचीच संरक्षणाची फौज उलटून सांध्याच्या आतल्या अस्तरावर चाल करते. अस्तर सुजतं, आणि रात्रभर हालचाल नसली की सांधे आवळून बसतात. त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ सकाळची. दिवस चढेल तसे हात सुटत जातात. तुम्हाला लोक बघतात ते संध्याकाळी पाचला, हळदीकुंकवाला, साडी नेसून. पहाटे सहाला तुम्हाला कुणी बघितलेलं नसतं.

माझं सहा वाजताचं सांगते. मुठी अर्धवट मिटलेल्या असतात, दोन्ही हातांच्या. (हा आजार बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखा धरतो.) दुधाच्या पिशवीचा कोपरा अंगठा आणि बोटात पकडता येत नाही. मी मनगटांनी पातेलं ढकलून पुढ्यात घेते, त्यात आदल्या रात्री थर्मासमध्ये भरून ठेवलेलं पाणी ओतते आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून खुर्चीवर बसते. आधी अंगठे सुटतात. मग करंगळ्या. उजव्या हाताचं मधलं बोट सगळ्यात शेवटी, आणि सुटताना त्यातून बारीक 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज आला, की मी उठून चहा टाकते. ब्लाउजचे हुक लावायला मात्र सव्वाआठ उजाडतात.

हे मी नणंदेला कधी समजावून सांगू शकले नव्हते. एका दिवाळीला ती राहायला आली आणि तिला मी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीतच अंथरूण घातलं. सकाळी ती पाणी प्यायला आली आणि दारात उभी राहिली. काही बोलली नाही. कात्री घेऊन तिनं दुधाची पिशवी फोडली आणि दूध तापत ठेवलं. त्यानंतर आजतागायत तिनं कधी माझ्या हसण्याचा हिशेब काढला नाही. तुमच्या जाऊबाई एकाच घरात असतील, तर एकदा सकाळी त्यांना हाक मारून मदतीला बोलवा. वेगळ्या राहत असतील, तर दोन दिवस राहायला बोलवा. वाद घालू नका.

सासूबाईंसाठी दुसरा उपाय. 'दुखतंय' हा शब्द रोज वापरला की तो झिजतो, ऐकणाऱ्याच्या कानावरून नुसता निघून जातो. त्याऐवजी काम सांगा. "आज मला काठवटीत पीठ मळता येणार नाही. कालवण मी करते, भाजायलाही मी बसते, मळून-थापून तुम्ही द्या." यात रडगाणं कुठं आहे? समोरच्याला नेमकं काय करायचं ते कळतं. मी शिवाय भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज सकाळी एक आकडा लिहिते, आखडलेले हात सैल व्हायला किती मिनिटं लागली तो. ४०, ९०, १२०. डॉक्टरांकडे जाताना तो कागद नेते. सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो यावरून आजार किती जोरात आहे, हे त्यांना समजतं. आणि घरातल्यांनाही न विचारता दिसतं, की आज आईचे १२० आहेत.

माझं घर परत हसायला लागलं ते भाकरीपायी. त्या दोन महिन्यांनंतर डॉक्टरांनी सांगितलं, की भाकरी थापणं काही दिवस पूर्ण बंद. आमचे हे शाळेत कारकून, चहापलीकडे चुलीशी संबंध नाही. पण शाळूची भाकरी नसली की सासूबाईंचं जेवण होत नसे, आणि विकतची त्यांना चालत नसे. मग ह्यांनी परात पुढे ओढली. मी शेजारी बसून सांगायची: पाणी चांगलं कडक हवं, पीठ तळहातानं रगडून मळा, थापताना कडेनं फिरवा, मधे दाबू नका. पहिली भाकरी उचलतानाच तिचा पूर्वेकडचा भाग लोंबायला लागला. तशीच तव्यावर गेली. मुलगा समोर भूगोलाचं पुस्तक घेऊन बसलेला, तिसरीला तेव्हा आपल्या जिल्ह्याचा भूगोल असायचा. तो ओरडला, "बाबा, ही जत झाली!" नकाशा आणि भाकरी शेजारी शेजारी धरून बघितली. खरंच जत, आमच्या जिल्ह्याचा पूर्वेकडचा तालुका.

मग रोज संध्याकाळी तोच खेळ. सांगली जिल्ह्याचे दहा तालुके, आणि भाकऱ्या तशा चार-पाचच. आटपाडी कच्ची राहिली, पलूस करपलं, कवठे महांकाळ आज बरं जमलं, तासगावचे दोन तुकडे झाले. सासूबाई उंबऱ्याशी बसून हे सगळं बघायच्या. आपल्या मुलानं परातीपुढं बसावं हे त्यांना पसंत नव्हतं, आठवडाभर तोंड फिरवून जेवल्या. आठव्या दिवशी ताट पुढे करून म्हणाल्या, "मला तो शिराळा दे, मऊ दिसतोय." आम्ही सगळे इतके हसलो, की तव्यावरचं खानापूर जळलं. मी डोळे पुसायला हात उचलला तो उचलेना. हात तसेच होते, सुजलेले, पदराखाली गरम फडक्यात गुंडाळलेले.

त्या रात्री मला कळलं, की हसू आणि दुखणं एकाच वेळी एकाच माणसात नांदू शकतं. मी दोघांत निवड करत बसले होते, आणि ती कुणी मागितलीच नव्हती. तुम्हीही करू नका. भिशीत जा आणि नकला करा. कुणी म्हणालं "चांगली खिदळतेस", तर शांतपणे म्हणा, "हो, आणि उद्या सकाळी मला वेणी घालता येणार नाही. दोन्ही खरं आहे." मी हे वाक्य नाटकाच्या मध्यंतरात भेटलेल्या त्या ओळखीच्या बाईंना वर्षभरानं म्हटलं. त्या पुढच्या भिशीला माझा चहाचा कप दोन्ही हातांनी धरता येईल असा मोठा घेऊन आल्या.

एक पथ्य मात्र पाळा. लपवण्यासाठी हसू नका. डॉक्टरांसमोर तर मुळीच नाही. आपण बायका दवाखान्यात शिरलो की "बरं आहे, चाललंय" असं हसून सांगतो आणि बाहेर पडल्यावर पायरीवर बसकण मारतो. बायकांना हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट जास्त होतो आणि सांगायची टाळाटाळही आपणच जास्त करतो. सूज अंगात मुरत राहिली की सांधे कायमचे वाकतात. माझी डाव्या हाताची दोन बोटं अशीच वाकली, पहिल्या वर्षी मी "थोडंसंच दुखतं" म्हणत राहिले म्हणून.

गोळीबद्दल. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी आहे. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेततं, म्हणून वार ठरवून दिनदर्शिकेवर खूण करा आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा. मळमळीमुळे स्वतःच्या मनानं बंद करू नका. रात्री जेवणानंतर घेतली तर चालेल का, फॉलिक ॲसिडचा डोस बदलायचा का, इंजेक्शनचा पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारा. माझी मळमळ फॉलिक ॲसिड नीट घ्यायला लागल्यावर पुष्कळ कमी झाली. रक्त आणि लिव्हरची तपासणी ठरलेल्या वेळी करा. आणि गोळीचा वार असा निवडा, की दुसऱ्या दिवशी कुणाला माप द्यायचा वायदा नसेल.

शिवणकाम सोडू नका, वाटून घ्या. मशीन पायानं चालवायचं असेल तर मोटर बसवा. कात्रीच्या कड्यांना सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळा, जाड मुठीला बोटं कमी आवळावी लागतात. माझ्या उलथन्याला, चाकूला, किल्लीलाही तीच ट्यूब आहे. हुक-काजं आणि तुरपाई बाहेर द्या, पैसे थोडे कमी सुटतील. घरात कुणी मिश्री लावत असेल, तर तुम्ही लावू नका. तंबाखू ओढल्यानं आमवात बळावतो, आणि मिश्रीही तंबाखूचीच.

प्रश्न : ताई, मिरजेत आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेतो. वय ६१. भेटायला येणारे शहाळी-केळी आणतात आणि मान खाली घालून बसतात. मी गंमत केली तर बायको डोळे वटारते. घरात टीव्हीसुद्धा हळू लावतात. मी अजून आहे हो इथं!
— वाचक, मिरज

उत्तर : दादा, तुमचं कार्ड वाचून माझा थोरला भाऊ आठवला. तोही मिरजेतच सहा वर्षं डायलिसिसवर होता, मंगळवार, गुरुवार, शनिवार, प्रत्येक वेळी चार तास. वॉन्लेस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत इस्पितळ उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा माणसं या गावात उपचाराला येतात. माझ्या भावाच्या खोलीत तशी सगळीकडची माणसं होती. शेजारच्या खाटेवर मिरजेतलेच एक सतार बनवणारे कारागीर होते.

तुम्हाला माहीतच आहे, हातावर फिस्टुला केला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी धमनी आणि शीर जोडली, की तिथं बोट ठेवल्यावर रक्ताची थरथर लागते. पहिल्या दिवशी माझा भाऊ घाबरून गेला होता. त्या कारागिरांनी खाटेवरूनच हात लांबवला, त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "जवारी मस्त लागलीय. खुली आहे एकदम." सतारीच्या घोडीवर तार जिथं टेकते तो भाग घासून घासून झणकार आणतात, ती जवारी. सगळी खोली हसली, नर्सबाई हसल्या. त्या दिवसापासून माझा भाऊ रोज सकाळी उठल्यावर मनगटाला बोट लावायचा आणि आतून आवाज द्यायचा, "लागलीय गं जवारी!" वहिनी म्हणायची, "मग या चहाला, अर्धाच कप मिळेल." डॉक्टर जी तपासणी रोज करा म्हणून बजावत होते, तीच ही. थरथर लागली नाही तर त्याच दिवशी, वार न बघता, दवाखाना गाठायचा. एकदा पहाटे खरंच लागली नाही, आणि गंमतीपायी सवय पडली होती म्हणून वेळेवर कळलं. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नका, सुई टोचू देऊ नका, हे तुम्हालाही सांगितलंच असेल.

शहाळ्या-केळ्यांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. येणाऱ्याला हे ठाऊक नसतं, आजाऱ्याला शहाळं न्यायचं हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. भावानं दाराच्या आत एक पाटी लावली होती: "शहाळं, केळं, बेदाणा आणू नये. गावातली बातमी आणावी." लोक पाटी वाचून आत येईपर्यंतच हसायला लागायचे, मान खाली घालायचं विसरायचे. तासगावकडचे पाहुणे मग बेदाण्याऐवजी द्राक्षं आणायचे. ती मोजून, डायटिशियनला विचारून, फ्रिजरमध्ये गोठवून तो एकेक चघळायचा. तोंडाची कोरड जायची आणि पाणी कमी लागायचं. प्यायच्या पाण्यावर मोजमाप असतं, त्यात हा मोठा आधार. भडंग मात्र बंद ठेवा, मीठ पोटात गेलं की तहान आवरत नाही.

तुमच्या घरच्यांबद्दल एक विचारू? डायलिसिसच्या चार तासांत त्या कुठं असतात? बाहेरच्या बाकड्यावर बसून राहत असतील, तर त्यांचे डोळे वटारलेलेच राहणार. भावाच्या तिसऱ्या वर्षी वहिनीनं मुलाला बसवून गुरुवारच्या भजनी मंडळात जायला सुरुवात केली. घरी येताना तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असायचं. टीव्हीचा आवाज त्यानंतरच वाढला.

प्रश्न : सांगलीची हळद जगभर जाते. मग हळदीच्या कॅप्सूल घेऊन संधिवाताच्या गोळ्या बंद करता येतील का? आमच्याकडे एकजण पुडी देतो, दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात.
— वाचक, तासगाव

उत्तर : गोळ्या बंद करू नका, आणि पुडी आजच थांबवा असंही मी म्हणणार नाही. का ते सांगते.

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं मी लहानपणी पाहिली आहेत, जमिनीखालचे हंड्यासारखे खोल खड्डे, तोंड उघडलं की घशात वास बसायचा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. भाजीत, दुधात घाला, छान आहे. पण सुजलेल्या सांध्यांचं औषध म्हणून ती गोळीची जागा घेत नाही. कॅप्सूलमध्ये तर अर्क एकवटलेला असतो, त्यानं लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. आपल्या गोळ्यांनी लिव्हरवर आधीच भार असतो.

दोन दिवसांत गुण देणाऱ्या पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पण महिनोन्‌महिने घेऊन ते एकदम तोडलं, तर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायला विसरलेलं असतं आणि माणूस कोसळतो. म्हणून पुडी खिशात घालून डॉक्टरांकडे जा, किती दिवस घेतली ते सांगा, ते हळूहळू उतरवतील. हे मला अंगावर आल्यामुळे माहीत आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी चढलं तेव्हा कागदपत्रं घेतली, देव घेतले, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली स्टिरॉइडची डबी फळीवर राहिली. विश्रामबागला नातेवाइकांकडे तिसऱ्या दिवशी मला उठून बसता येईना, उलट्या, घाम. भाच्यानं डॉक्टरांना फोन लावून औषध शोधून आणलं. आता दाराजवळच्या खिळ्याला १५ दिवसांची औषधं आणि चिठ्ठी घातलेली घट्ट झाकणाची बरणी पिशवीत टांगलेली असते. नदीकाठच्या सगळ्यांनी तशी टांगा.

प्रश्न : मी सातवीत आहे. आजीची बोटं वाकडी झाली आहेत. ती आधी माझ्याशी सागरगोटे आणि पत्ते खेळायची. आता म्हणते, नको रे. तिला खेळायचंय हे मला कळतं. काय करू?
— कवठे महांकाळ

उत्तर : बाळा, सागरगोटे झेलायला तिला आता जमणार नाहीत, ते राहू दे. पत्ते जमतील. तिला पत्ते कळत नाहीत असं नाही, पंख्यासारखे धरता येत नाहीत. कपडे घासायचा जाड ब्रश घे, नवा, स्वच्छ. तो उलटा, म्हणजे दात वर करून, तिच्यापुढे ठेव. दातांच्या ओळींत पत्ते उभे खोचले की पडत नाहीत. तुला तिची पानं दिसू नयेत म्हणून मधे एक वही उभी कर. पिसायचं आणि वाटायचं काम तुझं. पान टाकायला तिला एका बोटानं ढकलता आलं तरी पुरे.

दुपारनंतर खेळायला बस, सकाळी नको, सकाळी तिचे हात आखडलेले असतात. पहिल्यांदा बदाम सात खेळा, त्यात घाई नसते. आठवडाभरानं गुलामचोर. आणि तिला मुद्दाम जिंकू देऊ नकोस, आज्यांना ते लगेच कळतं.